साडूभाऊंनी उसवलेली गोधडी

माझ्या थोरल्या साडूंच्या हातून आयुष्यात एकही गोष्ट वाकडी झालेली नाही, आणि त्या माणसाबरोबर संसार करणं इतकं अवघड का, या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासनीस म्हणून काढली. बाकीच्यांनी माल बनवायचा आणि यांनी तो नापास करायचा, असं साधं सोपं काम. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं. फक्त नापास करायची सवय तेवढी काढून घ्यायची राहिली. ती घेऊन ते घरी आले आणि श्रीफळाची शेंडी एका बाजूला झुकलेली आहे हे त्यांनी रिक्षातच बघून ठेवलं होतं.

आमच्या मुलाच्या लग्नातली गोष्ट. मंगलाष्टकं सुरू होणार, हातात अक्षता घेऊन सगळे उभे, आणि हे गृहस्थ पुढे झाले. अंतरपाट धरणाऱ्या दोघांना म्हणाले, "डावीकडून जरा वर. अजून किंचित. हां, आता लेव्हल आली." भटजी तोंड उघडं ठेवून बघत राहिले. मुहूर्त टळेल म्हणून मी घड्याळाकडे बघतोय, आणि साडूभाऊ मात्र एक डोळा मिटून अंतरपाटाची खालची कड तपासताहेत! नाशिकच्या द्वारका चौकात माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. तिथे गिऱ्हाइकांपेक्षा हॉर्नच जास्त येतात. त्यातून एखादं गिऱ्हाईक चुकूनमाकून आत आलंच, तर नेमके हे तिथे बसलेले असायचे. "यातला तिसरा बोर्ड घ्या, बाकीच्यांचे स्क्रू तिरके बसलेत," असं ते इतक्या मनापासून सांगायचे की गिऱ्हाईक तिसराही घ्यायचं नाही. मी चिडलो की म्हणायचे, "साडूभाऊ, खरं सांगितल्याने धंदा बसत असेल तर धंद्यात खोट आहे."

या सगळ्याची सवय असलेली एकच व्यक्ती, ती म्हणजे अक्का. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. विंचूरच्या कांदा पिकवणाऱ्या घरातली लेक. पोळीचा गोल एका बाजूने चपटा आहे असं नवऱ्याने सांगितलं की "पोटात गेल्यावर कोण मोजायला येतंय?" एवढं म्हणून दुसरी पोळी वाढणारी बाई. त्यांनी नवऱ्याकडे आजवर काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्यांची सगळी चैन म्हणजे झोप. जेवण झालं, भांडी घासून झाली, की आईने शिवलेली गोधडी ओढायची आणि मिनिटभरात घोरायला लागायचं. मे महिन्यात अख्खं नाशिक गच्चीवर तळमळत असतं, तेव्हाही ती गोधडी निदान पायांवर तरी पाहिजेच. मुलीकडे पुण्याला गेल्या की चार दिवसांत डोळे तांबारलेले घेऊन परत यायच्या. गोधडी सोबत न्या म्हटलं तर म्हणायच्या, "एसटीत कुठं हरवली म्हणजे?"

निवृत्तीनंतर साडूभाऊंनी घरातल्या सगळ्या वस्तू तपासून संपवल्या आणि मग ते आजारी दिसू लागले. मुलीने आपला जुना टॅब आणून दिला. त्यावर भजनं ऐकतील अशी तिची भाबडी कल्पना. यांना त्यावर सापडला पांढऱ्या दाढीचा एक अमेरिकन म्हातारा. तो पट्टी लावून, पिझ्झा कापायच्या चाकासारख्या चाकाने कापडाचे तुकडे कापत होता आणि ते जोडून रजई शिवत होता. तिला तो मॉडर्न क्विल्ट म्हणत होता. साडूभाऊ रात्रभर बघत बसले असावेत, कारण सकाळी सकाळी मला फोन. "साडूभाऊ, हे शिवणकाम नाहीच! हे सरळ सरळ शीट मेटलचं काम आहे. मार्किंग, कटिंग, जोडणी, फायनल तपासणी! पत्र्याऐवजी कापड, एवढाच काय तो फरक."

मग घरात चौकटी आखलेली हिरवी मॅट आली, ते चाक आलं, पारदर्शक पट्ट्या आल्या, रजईच्या आत घालायची पांढरी फोमसारखी गादी आली. अक्कांच्या शिलाई मशिनवर अक्कांनाच बसायची बंदी झाली. पहिली क्विल्ट त्यांनी आम्हाला भेट दिली. सगळी करडी, आणि उजव्या कोपऱ्यात लिंबाच्या फोडीएवढा एक पिवळा त्रिकोण. आमच्या हिने ती सोफ्यावर टाकली. शेजारची बाई येऊन विचारून गेली, "फरशी बदलताय का? नमुना छान आहे." मी साडूभाऊंना विचारलं, बाकी सगळं मोकळं का? तर म्हणाले, "मोकळं नाही ते, निगेटिव्ह स्पेस आहे. मॉडर्न क्विल्टमध्ये जे नाही तेच महत्त्वाचं असतं." असं असेल तर माझ्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा फारच महत्त्वाचं म्हणायला हवं.

गोधडीविषयी मात्र त्यांचं मत चांगलं नव्हतं. गोधडी म्हणजे मापाशिवाय केलेलं काम. हाताला येईल ते फडकं, पाहिजे तिथे लावलं, टाके आपले चाललेत रानोमाळ. ते हे असं अक्कांच्या देखत बोलायचे आणि अक्का त्याच गोधडीत पाय गुंडाळून ऐकून घ्यायच्या. पुढे ते गंगापूर रोडच्या बायकांच्या एका क्विल्टिंग ग्रुपात शिरले. त्यात हे एकटेच पुरुष. बायकांनी आधी फार कौतुक केलं. कुणी चिवडा आणायचं, कुणी "सर, तुमचे कोपरे किती जुळतात हो!" म्हणायचं. मग सरांनी त्यांच्या शिवणी उलट्या करून तपासायला घेतल्या आणि एक दिवस व्हॉट्सॲपवर दिसलं की सर आता ग्रुपमध्ये नाहीत. "तांत्रिक बिघाड असेल," असं ते मला सांगत होते. मीही "असेल, असेल" म्हटलं.

पण ग्रुपातून बाहेर पडायच्या आधी त्यांना तिथे एक धक्का बसला होता. मॉडर्न क्विल्टिंगमध्ये म्हणे एक प्रकार असतो, त्याला इम्प्रॉव्ह म्हणतात. त्यात पट्टी वापरायचीच नाही. तुकडे वाकडेतिकडे कापायचे, मनाला येईल तसे जोडायचे, आणि जितकं वाकडं तितकी वाहवा. परदेशी बायका त्याचे वर्ग घेतात. साडूभाऊंनी आठवडाभर कापडाला हात लावला नाही. मग त्यांनी त्यावरही तोड काढली. आलेखाच्या कागदावर वाकडेपणा आधी नीट आखून घ्यायचा आणि मग तो अगदी तंतोतंत कापायचा. केलंही तसं, पण जमेना. ती क्विल्ट चूक करायची परवानगी काढून आलेल्या कारकुनासारखी दिसत होती. आणि अशाच एका दुपारी, अक्का पुण्याला गेलेल्या असताना, त्यांची नजर पलंगावरच्या गोधडीवर गेली.

"साडूभाऊ, दुकान बंद करा आणि या!" फोनवर त्यांचा आवाज थरथरत होता. मला वाटलं, छातीत दुखतंय की काय. रिक्षा करून धावत गेलो, तर हे गोधडीसमोर मांडी घालून बसलेले. "हे बघा! लुगड्याचा काठ इथे मध्येच तोडलाय. खणाचा तुकडा तिरका. लाल चौकोन मध्याच्या जरा बाजूला. अहो, सासूबाई इम्प्रॉव्ह करत होत्या! पट्टी नाही, मॅट नाही, आणि हा तोल बघा!" विंचूरच्या ओसरीत बसून, कांद्याच्या पाती कापता कापता सासूबाईंनी जे केलं, ते मॉडर्न आहे हे कळायला या माणसाला अमेरिकेला वळसा घालून यावं लागलं होतं. मला हसू आवरेना. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मीही मांडी घालून शेजारी बसलो. सासूबाईंविषयी इतका आदर त्यांच्या तोंडावर मी त्या हयात असताना कधी बघितला नव्हता.

आदर वाटला की माणूस नमस्कार करतो. साडूभाऊंनी टाके उसवायची अणकुचीदार उसवणी काढली. आत काय आहे ते कळल्याशिवाय रचना कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळं सुटं करायचं, तुकड्यांवर नंबर घालायचे, आराखडा काढायचा आणि अक्का यायच्या आत होतं तसं जोडून ठेवायचं. मी म्हटलं, "अक्कांना विचारलंत का?" तर म्हणाले, "तिला सरप्राइज आहे." त्या गोधडीच्या पोटात आणखी एक जुनी गोधडी निघाली, तिच्या आत धोतराचं फडकं, त्याच्याखाली झबल्याची बाही. एका कोपऱ्यात कडक, काळपट असा काहीतरी खडा निघाला. साडूभाऊंनी तो चिमट्यात धरला, उजेडात नेला. "फॉरिन मॅटर," असा निकाल दिला आणि केराच्या डब्यात टाकला.

रात्री जेवताना मी हे सगळं मजेमजेत सांगत होतो. हिचा घास हातातच राहिला. "अहो, ती भाकर असेल! आई प्रत्येक गोधडीच्या पोटात भाकरीचा तुकडा शिवायची. 'उपाशी गोधडी पांघरली तं झोप लागत नाय,' म्हणायची. आणि गोधडी उसवतात का कुणी? आमच्यात कधी कुणी उसवली नाही!" तिने लगेच दाजींना, म्हणजे साडूभाऊंना, फोन लावला. दाजी म्हणाले, काळजी करू नकोस, सगळं नियमाप्रमाणे चाललंय, जोडणीच्या आधी कापड धुऊन आटवून घ्यायचं असतं, तेवढं आत्ताच मशिनला लावलंय.

नवरात्राचे घट बसायच्या आत विंचूरला नदीवर गोधड्या धुवायच्या, आपटून, बदडून. त्या मार खाऊनही जशाच्या तशा परत यायच्या, कारण टाक्यांनी सगळे थर एकमेकांना धरून ठेवलेले असायचे. टाके काढल्यावर त्या कापडात राहिलं होतं काय? मशिनचं झाकण उघडलं तेव्हा काठांच्या काही पट्ट्या आणि थोडे जाड तुकडे तेवढे शाबूत होते. बाकी सगळ्याचा लगदा झाला होता. त्या सगळ्याला कुठल्याशा फुलांचा, विकतचा घमघमाट येत होता.

अक्का आल्या. साडूभाऊंनी सगळं सरळ सांगितलं, लपवालपवी त्यांच्या स्वभावातच नाही. अक्कांनी एक तुकडा उचलला, नाकाशी नेला. पुन्हा नेला. मग शेजारी उभ्या असलेल्या आमच्या हिला म्हणाल्या, "बेबी, आईचा वास गेला गं." दोघी बहिणी स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. बाहेर आम्ही दोघे साडू. मी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काहीही न तपासता नुसतं बसलेलं बघितलं.

त्या दिवसापासून त्या घरात बोलणं भिंतींशी सुरू झालं. "पाणी आलंय, कुणाला अंघोळ करायची असेल तर करावी." "वरण उतू जातंय, कुणाला दिसत असेल तर गॅस बारीक करावा." हे एक वेळ चाललं असतं. पण अक्कांची झोप गेली. पूर्ण गेली. विकतची मऊ ब्लँकेटं आणली, दुलई आणली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कशाने म्हणून डोळा लागेना. बाई सुकून गेली. भाजीत मीठ दोनदा पडायचं, चालता चालता भिंतीला हात लावून उभ्या राहायच्या. साडूभाऊ दुकानात यायचे आणि स्क्रूंकडे न बघता स्टुलावर बसायचे. "ती झोपत नाही हो," एवढंच म्हणायचे. "मी शेजारी पडून ऐकत असतो. घोरत नाही."

पहिला उपाय त्यांनी स्वतःच्या बुद्धीने केला, म्हणजे अर्थातच फसला. वाचलेले तुकडे घेऊन त्यांनी एक क्विल्ट शिवली. पांढऱ्या स्वच्छ कापडावर सासूबाईंच्या काठाची एक पट्टी इथे, खणाचा तुकडा तिथे, मध्ये अंतरच अंतर. दिसत होती मोठी देखणी, खोटं कशाला बोलू. अक्कांनी ती बघितली आणि हिला म्हणाल्या, "विचार गं त्यांना, एवढी मोकळी जागा कशाला?" साडूभाऊ समोरच होते. हळूच म्हणाले, "त्याने डोळ्याला विसावा मिळतो." अक्का पुन्हा हिलाच म्हणाल्या, "मिळत असता तर मी झोपले नसते का?"

दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी आले, एकटेच. आमच्या हिच्यापुढे, आपल्या धाकट्या मेहुणीपुढे, शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले. "फाटली की आई काय करायच्या, तेवढं सांग." हिचा राग अजून गेला नव्हता. फणकाऱ्यानेच म्हणाली, "उसवायची नाही, दाजी. जुनी तशीच ठेवायची आणि वरून नवं लुगडं चढवायचं. पहिली आत राहते, बाहेरची बदलते." मग उठली, कपाट उघडलं आणि तळातून आईचं लुगडं काढलं. आई गेल्यावर अक्कांनी गोधडी घेतली होती आणि हिने हे एवढं एक लुगडं. डांबराच्या गोळीशिवाय दुसऱ्या कुणाला ती त्याच्याजवळ फिरकू द्यायची नाही, मलासुद्धा नाही. ते तिने दाजींच्या हातात ठेवलं. "कात्री लावलीत तर याद राखा," म्हणाली आणि बाहेर गॅलरीत निघून गेली. मी मागे गेलो नाही. काही वेळा बायकोला एकटं रडू द्यावं, एवढी अक्कल मला या वयात आली आहे.

साडूभाऊंनी घरी जाऊन लुगडं जमिनीवर दुहेरी अंथरलं. आत सगळं पसरलं. पांढऱ्या क्विल्टवरून सोडवलेले शाबूत तुकडे, चिंध्या, मशिनच्या जाळीत अडकलेला लगदासुद्धा. तो त्यांनी वाळवून पिशवीत जपून ठेवला होता. नापास माल परस्पर फेकायचा नाही, बाजूला ठेवायचा, ही कारखान्याची शिस्त एकदा तरी कामाला आली. मग हातसुई घेऊन कडेने शिवायला बसले, जन्मात कधी न केलेलं काम. बोटांना भोकं पडत होती, टाका टाका मोजून घालत होते. अक्का स्वयंपाकघराच्या दारातून बघायच्या आणि आत जायच्या. असं रोज चाललं. शेवटी एका सकाळी त्यांना राहवेना. "असं टोचतात का? कापडाला काय इंजेक्शन देताय?" भिंत मध्ये न घेता अक्का नवऱ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. साडूभाऊंनी ते मला इतक्या आनंदाने सांगितलं की मला वाटलं बायकोने ओवी म्हटली असावी. मग अक्का आत गेल्या, टोपल्यातल्या भाकरीचा तुकडा मोडून आणला, चिंध्यांमध्ये सारला आणि समोरच्या कडेला सुई घेऊन बसल्या. पुढे रोज दुपारी ती दोघं शिवत.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेलो तर साडूभाऊंनी डोळे मोठे केले आणि तोंडावर बोट ठेवलं. अक्का शिवता शिवता आडव्या झाल्या होत्या. सुई कापडात तशीच खोचलेली, गोधडी गळ्यापर्यंत ओढलेली, तोंड किंचित उघडं, आणि घोरणं चाललेलं. दारापर्यंत ऐकू येईल असं, अगदी पूर्वीसारखं. साडूभाऊ समोरच्या कडेला अवघडून बसले होते. हातात सुई, पण दोरा ओढायची सोय नाही, कारण इकडे ओढलं तर तिकडे अंगावरचं पांघरूण हलणार.

आमची ही पुढे झाली. पर्स खाली ठेवली, बहिणीच्या शेजारी जमिनीवर आडवी झाली, गोधडीचं मोकळं टोक अंगावर घेतलं आणि लुगड्यात नाक खुपसलं. अक्कांनी झोपेतच सरकून तिला जागा दिली. थोड्या वेळाने दोघींचे श्वास सारखे चालू लागले. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली! आणि त्या चक्रम माणसाचा मला चक्क हेवा वाटला.

"साडूभाऊ," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पाय बधिर झालेत हो. काय करू?"

"उठा. मी धरतो दोरा."

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. चहाची वेळ झाली आणि टळली, रस्त्यावर भाजीवाला ओरडून गेला, आमच्या दोघांपैकी कुणीही त्या बहिणींना उठवलं नाही. त्यांनी दोरा बोटावरून सैल सोडला, पाठ भिंतीला टेकली आणि बायकोचं घोरणं ऐकत ते तसेच बसून राहिले.